वाचक विचारतात : मायनिंगेनचे ड्यूक गेऑर्ग आणि त्यांचा परिवार

गेल्या अंकात, नाटकाला दिग्दर्शक ही स्वतंत्र व्यक्ती केव्हापासून लाभली, या प्रश्नाचे उत्तर देताना आम्ही जर्मनीतील सॅक्स-मायनिंगेन या छोट्या राज्याचे ड्यूक गेऑर्ग दुसरे (१८२६–१९१४) यांचे नाव घेतले होते. राज्यकर्त्याने स्वतः नाटके बसवावीत, एका अभिनेत्रीशी विवाह करावा आणि त्यापायी सम्राटाची नाराजीही पत्करावी, एवढ्या दोन ओळींच्या उल्लेखाने वाचकांचे कुतूहल जागे झाले. कोल्हापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत नाटकापेक्षाही त्या माणसाविषयी, त्याच्या घराण्याविषयी आणि संसाराविषयी अधिक विचारणा आहे. म्हणून या वेळचे सदर आम्ही एकाच विषयाला दिले असून सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : कोल्हापूरच्या छत्रपतींप्रमाणे हे ड्यूकही एक संस्थानिकच समजावयाचे काय? त्यांचे राज्य केवढे होते आणि ते गादीवर कसे आले? — शाहूपुरीतील एक वाचक

उत्तर : केवळ विस्तार पाहिला तर मायनिंगेन कोल्हापूरपेक्षा पुष्कळच लहान होते. थुरिंगिया प्रदेशातील या राज्याचे क्षेत्रफळ सुमारे २,४६८ चौरस किलोमीटर, म्हणजे कोल्हापूर संस्थानाच्या एक तृतीयांशाहूनही कमी होते, आणि १८७१ मध्ये तेथील लोकसंख्या दोन लाखांच्या आतच होती. अधिकाराचा प्रश्न मात्र निराळा आहे. कोल्हापूरच्या दरबारावर परकीय सत्तेचा प्रतिनिधी लक्ष ठेवून असे. जर्मन ड्यूक हे कोणा परक्यांचे मांडलिक नव्हते. १८७१ साली स्थापन झालेले जर्मन साम्राज्य हाच मुळी अशा पंचवीस घटक राज्यांचा संघ होता, त्याच्या संघपरिषदेत मायनिंगेनला स्वतःचे एक मत होते, आणि राज्याचे स्वतःचे विधिमंडळ व मंत्रिमंडळही होते. तरीसुद्धा सैन्य आणि परराष्ट्र व्यवहार ही दोन महत्त्वाची सूत्रे प्रशियाच्या हाती गेली होती, हे विसरून चालणार नाही. ड्यूक गेऑर्ग यांचे आयुष्य समजून घेण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

त्यांचा जन्म २ एप्रिल १८२६ रोजी मायनिंगेन येथे झाला. वडील ड्यूक बर्नहार्ड दुसरे हे वयाच्या तिसऱ्या वर्षी गादीवर आले होते आणि त्यांचा अज्ञानकाळ संपेपर्यंत त्यांच्या मातोश्रींनी कारभार पाहिला होता. आई मारी ही हेस-कासेल घराण्यातील होती. आत्या ॲडलेड या इंग्लंडचे राजे चौथे विल्यम यांच्या राणी होत. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहराला त्यांचेच नाव दिलेले आहे. गेऑर्ग यांचे उच्च शिक्षण बॉन आणि लाइपझिग येथील विद्यापीठांत झाले, आणि त्याच्या जोडीने त्यांनी चित्रकलेचा अभ्यासही गांभीर्याने केला. राजपुत्राने हौसेखातर चार रेघोट्या ओढाव्यात, अशा प्रकारचे ते शिक्षण नव्हते. पुढे नाटकांतील पोशाख, शस्त्रे, देखावे आणि पात्रांच्या हालचाली त्यांनी स्वतःच्या हाताने रेखाटून दिल्या आणि त्यांतील पुष्कळ रेखाटने आजही जपलेली आहेत.

१८६६ साली प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्यात युद्ध झाले. वडिलांनी ऑस्ट्रियाची बाजू घेतली, ऑस्ट्रियाचा पराभव झाला, प्रशियाचे सैन्य मायनिंगेनमध्ये शिरले आणि २० सप्टेंबर १८६६ रोजी बर्नहार्ड यांना पुत्रासाठी गादी सोडावी लागली. गेऑर्ग यांचा कल पूर्वीपासून प्रशियाकडे होता, त्यामुळे राज्य टिकले. हॅनोव्हरसारखे कितीतरी मोठे राज्य त्याच वर्षी प्रशियाने गिळंकृत केले, हे पाहता मायनिंगेन थोडक्यात वाचले असेच म्हणावे लागेल. १८७०–७१ च्या फ्रान्सविरुद्धच्या मोहिमेत नवे ड्यूक स्वतः सहभागी झाले होते. परंतु लष्करी थाटामाटात रमण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता आणि जी सत्ता हातात उरली होती, तिचा विनियोग त्यांनी निराळ्याच ठिकाणी केला.

प्रश्न : या घराण्याची माहिती वाचू लागले की शार्लोट आणि फिओडोरा ही नावे पुनःपुन्हा येतात आणि कोण कोणाची कोण, याचा उलगडाच होत नाही. कृपया नाती स्पष्ट करावीत. — गडहिंग्लज येथील एक वाचक

उत्तर : आपली अडचण रास्त आहे, कारण या कुटुंबात शार्लोट नावाच्या दोन स्त्रिया आहेत, त्या दोघीही प्रशियाच्या राजघराण्यातून आलेल्या आहेत, आणि फिओडोरा तर त्याहूनही अधिक आहेत.

पहिल्या शार्लोट (१८३१–१८५५) या गेऑर्ग यांच्या प्रथम पत्नी. प्रशियाचे राजपुत्र आल्ब्रेख्त आणि नेदरलँड्सच्या राजकन्या मारियाना यांच्या त्या कन्या. विवाह १८ मे १८५० रोजी शार्लोटेनबुर्ग येथे झाला आणि तो परस्परांच्या पसंतीचा होता, ही त्या काळच्या राजघराण्यांत सहजासहजी न आढळणारी गोष्ट. इटलीतील कोमो सरोवराच्या काठी त्रेमेत्सो येथे आजही पर्यटकांची गर्दी खेचणारा ‘व्हिला कार्लोत्ता’ हा प्रासाद मारियाना यांनी आपल्या या लेकीला दिला, आणि त्याचे नाव तिच्याच नावावरून पडले. त्या प्रासादाभोवतीची बाग पुढे गेऑर्ग यांनी मोठ्या आवडीने वाढवली.

हा संसार पाचच वर्षे टिकला. १८५१ मध्ये थोरले पुत्र बर्नहार्ड, १८५२ मध्ये गेऑर्ग आल्ब्रेख्त आणि १८५३ मध्ये कन्या मारी एलिझाबेथ यांचा जन्म झाला. १८५५ च्या जानेवारीत तीन वर्षेही पुरी न झालेला धाकटा मुलगा दगावला, आणि त्याच वर्षी ३० मार्च रोजी चौथ्या बाळंतपणात शार्लोट यांचे निधन झाले. ते नवजात बालकही वाचले नाही. दोन-सव्वादोन महिन्यांत एका घरातून तीन जीव गेले आणि एकोणतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरील पित्याच्या पदरी दोन लहान लेकरे उरली. गेऑर्ग यांच्या चरित्राकडे केवळ एका अभिनेत्रीशी झालेल्या विवाहाची सुरस कथा म्हणून पाहणाऱ्यांनी या वर्षापाशी थोडे थांबावे, असे आम्हांस मनापासून वाटते.

दुसरा विवाह २३ ऑक्टोबर १८५८ रोजी होहेनलोहे-लांगेनबुर्ग घराण्यातील फिओडोरा (१८३९–१८७२) यांच्याशी झाला. त्यांच्या आईचे नावही फिओडोराच, आणि त्या राणी व्हिक्टोरियाच्या सावत्र बहीण. म्हणजे गेऑर्ग यांच्या दुसऱ्या पत्नी या राणीच्या भाची लागत. मातृहीन मुलांना आई हवी, हा विचार या विवाहामागे होता. पतिपत्नींच्या आवडीनिवडी मात्र फारशा जुळल्या नाहीत, असे चरित्रकार नोंदवतात. त्यांना एर्न्स्ट (१८५९), फ्रीडरिख (१८६१) आणि व्हिक्टोर (१८६५) असे तीन पुत्र झाले. त्यांपैकी धाकटा अगदी तान्हेपणीच गेला. फेब्रुवारी १८७२ मध्ये लोहितांग ज्वराने (स्कार्लेट फीव्हर) फिओडोरा यांचेही निधन झाले.

आता दुसऱ्या शार्लोट (१८६०–१९१९). या थोरल्या बर्नहार्ड यांच्या पत्नी, म्हणजे ड्यूकच्या सूनबाई. सम्राट पहिले विल्हेल्म यांच्या त्या नात, पुढे सम्राट झालेले दुसरे विल्हेल्म यांच्या सख्ख्या बहीण आणि आईकडून राणी व्हिक्टोरियाच्याही नात. हा विवाह १८ फेब्रुवारी १८७८ रोजी बर्लिन येथे झाला. या दांपत्याला १८७९ मध्ये झालेली एकुलती एक मुलगी हीच तिसरी फिओडोरा, आणि राणी व्हिक्टोरियाचे ते पहिले पणतवंड. या मायलेकींना आयुष्यभर छळणारे दुखणे पोर्फिरिया हा आनुवंशिक विकार असावा, असा तर्क अलीकडच्या संशोधकांनी केला आहे.

प्रश्न : एलेन फ्रान्झ यांच्याशी रीतसर विवाह होऊनही त्यांना डचेस का म्हटले जात नसे? अभिनेत्री असणे हा एवढा मोठा दोष होता काय? — राजारामपुरीतील एक वाचक भगिनी

उत्तर : प्रश्न दोन आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगवेगळी आहेत. जर्मन राजघराण्यांचे स्वतःचे कुलनियम असत, आणि त्यांनुसार राजघराण्यातील पुरुषाने तोलामोलाच्या राजकुळातील मुलीशीच विवाह करावा, अशी अट असे. अन्य कुळातील स्त्रीशी केलेला विवाह धर्माने व कायद्याने वैध ठरे, संतती औरस मानली जाई. पण पत्नीला पतीचे पद मिळत नसे आणि मुलांना गादीचा वारसा मिळत नसे. अशा विवाहाला मॉर्गनॅटिक विवाह म्हणतात. एलेन या अभिनेत्री नसत्या, एखाद्या प्राध्यापकाच्या किंवा धनाढ्य व्यापाऱ्याच्या कन्या असत्या, तरीही त्यांना डचेस होता आले नसतेच.

अभिनेत्री असण्याने लोकापवादाची धार मात्र निश्चितच वाढली. १८३९ मध्ये नाउमबुर्ग येथे जन्मलेल्या एलेन यांचे वडील व्यापारी शिक्षण देणाऱ्या शाळेचे प्रमुख होते आणि आई ब्रिटिश होती. घर सुशिक्षित, मध्यमवर्गीय. मुलीने पियानोचे शिक्षण घेतले ते हान्स फॉन ब्यूलो यांच्यासारख्या श्रेष्ठ वादकाकडे. तरीही ती रंगभूमीकडे वळली आणि १८६७ पासून मायनिंगेनच्या दरबारी नाट्यगृहात प्रमुख भूमिका करू लागली. रंगमंचावर उभी राहणारी स्त्री प्रतिष्ठित घरात बसण्यायोग्य मानायची की नाही, हा प्रश्न त्या काळी युरोपातही सुटलेला नव्हता. आपल्याकडे तर तेव्हा स्त्रीभूमिका पुरुषच करीत. ज्या केशवराव भोसले यांच्या नावाने कोल्हापूरचे नाट्यगृह ओळखले जाते, त्यांनीही आरंभी स्त्रीभूमिकाच गाजवल्या होत्या.

१८ मार्च १८७३ रोजी लीबेनश्टाइन येथे अगदी साधेपणाने हा विवाह झाला. वधूला ‘हेलेने, फ्रायफ्राउ फॉन हेल्डबुर्ग’, म्हणजे हेल्डबुर्गच्या बॅरोनेस, असे नाव व पद देण्यात आले. निवृत्त पिता बर्नहार्ड यांना हा विवाह मुळीच मान्य नव्हता, आणि सम्राट पहिले विल्हेल्म तर संतापले. त्यांच्या संतापाला कौटुंबिक कारणही होते: गेऑर्ग यांच्या प्रथम पत्नी शार्लोट या त्यांच्या सख्ख्या पुतणी. असे असूनही पाच वर्षांनी त्याच सम्राटांची नात त्याच घरात सून म्हणून आली, यावरून ड्यूकने आपला निर्णय किती ठामपणे निभावून नेला असेल, याची कल्पना करता येते.

हेलेने यांना मूल झाले नाही. विवाहानंतर त्यांनी रंगमंचावर पाऊल ठेवणे सोडले, परंतु नाटक सोडले नाही. कोणती नाटके घ्यावीत हे सुचवणे, संहितांची रंगावृत्ती सिद्ध करणे आणि नटनटींकडून एकेका वाक्याची फेक, शब्दांवरील आघात, श्वासाच्या जागा घोटून घेणे, हे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. मायनिंगेनच्या रंगभूमीचे श्रेय एकट्या ड्यूकच्या नावे लिहिण्याची जी प्रथा पडली आहे, ती आम्हांस अन्यायाची वाटते. ते काम तिघांचे होते: दृश्याची कल्पना करणारे गेऑर्ग, वाणीला वळण देणाऱ्या हेलेने, आणि या दोघांचा विचार प्रत्यक्ष मंडळीकडून उतरवून घेणारे लुडविग क्रोनेक. क्रोनेक हे ज्यू कुटुंबात जन्मलेले विनोदी नट. ड्यूकने त्यांच्यातील व्यवस्थापक ओळखला आणि सगळी जबाबदारी त्यांच्यावर सोपवली. ड्यूक स्वतः दौऱ्यांवर सहसा जात नसत. सूचना रेखाटनांसह पत्राने जात आणि क्रोनेक त्या अमलात आणीत.

प्रश्न : या ड्यूकनी नाटकात नेमके असे काय नवे केले? पडदे रंगवणे आणि पोशाख शिवणे तर आपल्या संगीत नाटक मंडळ्याही करीत होत्या. — मंगळवार पेठेतील एक हौशी रंगकर्मी

उत्तर : पडद्यांच्या बाबतीत आपण म्हणता ते योग्यच आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी नाटक मंडळ्यांसाठी रंगवलेल्या पडद्यांचा अभिमान ज्या शहराला आहे, त्या शहरातील वाचकाला रंगवलेल्या देखाव्याचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. मायनिंगेनसाठी हे काम कोबुर्ग येथील माक्स आणि गोटहोल्ड ब्रुकनर हे बंधू करीत. परंतु गेऑर्ग यांचे वेगळेपण पडद्यापाशी संपत नाही.

त्यापूर्वीच्या युरोपीय रंगभूमीवर मुख्य नट मधोमध उभा राहून प्रेक्षकांकडे तोंड करून बोले, मागे भाड्याने आणलेली माणसे निर्विकारपणे रांगेत उभी असत, आणि प्रत्येक नट आपापल्या पेटीतला आपल्याला शोभणारा पोशाख घालून येई. सबंध प्रयोग एकाच मनाने कल्पिलेला आहे, असे कोठेही दिसत नसे. गेऑर्ग यांनी गादीवर आल्यावर प्रथम दरबारी ऑपेरा बंद केला आणि सगळे बळ गद्य नाटकावर लावले. शेक्सपिअर, शिलर, क्लाइस्ट, मोल्येर यांची नाटके निवडली. नाटक ज्या देशातले आणि ज्या काळातले, तेथील वास्तू, वस्त्रे, शस्त्रे यांचा शोध घेतला; ‘ज्युलियस सीझर’साठी रोममधील पुरातत्त्वज्ञांचा सल्ला घेण्यात आला. पण त्यांचे खरे कसब दिसते ते हे सर्व प्रयोगात मुरवण्याच्या पद्धतीत. तालमी पहिल्यापासून प्रत्यक्ष देखाव्यात आणि प्रत्यक्ष पोशाखात होत, त्यामुळे जड चिलखत किंवा रोमन झगा अंगावर वागवण्याची नटाला सवय होई. रंगमंचाची भूमी सपाट न ठेवता पायऱ्या, चढ, चौथरे यांनी ती उंचसखल केली जाई. नटाने बरोबर मध्यभागी उभे राहू नये, पादप्रकाशाला समांतर रांग धरू नये, दोन माणसांची डोकी एकाच उंचीवर येऊ देऊ नयेत, रंगवलेल्या झाडाला किंवा खांबाला टेकू नये, कारण ते हलले की सारा आभास कोसळतो, अशा त्यांच्या बारीक सूचना होत्या.

सर्वांत मोठा बदल गर्दीच्या प्रसंगांत झाला. जमावाचे लहान लहान गट पाडून प्रत्येक गट एका मुरलेल्या नटाच्या हाती देण्यात येई. गटातील प्रत्येकाला काही बोलायचे, काही करायचे असे आणि तो नट त्यांच्याकडून ते करवून घेई. दौऱ्यावर स्थानिक माणसे घेतली जात, तीही याच पद्धतीने तयार केली जात. आणि नियम असा की ज्याला त्या नाटकात मोठी भूमिका नाही, त्याने जमावात उभे राहिलेच पाहिजे. काल राजा झालेला नट आज नामहीन नागरिक म्हणून ओरडत असे. १ मे १८७४ रोजी बर्लिनमध्ये ‘ज्युलियस सीझर’चा प्रयोग झाला तेव्हा सीझरच्या शवापुढे अँटनीचे भाषण चालू असताना जमाव हळूहळू पालटत, पेटत जातो, हे पाहून राजधानीचे प्रेक्षक थक्क झाले. एका आडगावच्या मंडळीने बर्लिनला नाटक शिकवावे, ही त्या दिवसापर्यंत कोणी कल्पनाही केली नसती.

त्यानंतर १८९० पर्यंत ही मंडळी लंडन, व्हिएन्ना, ब्रसेल्स, मॉस्को, ओडेसा अशी युरोपभर फिरली आणि दौऱ्यांवरील प्रयोगांची संख्या अडीच हजारांच्या पुढे गेली. १८८१ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात त्यांचे प्रयोग झाले. १८८८ मध्ये ब्रसेल्स येथे आंद्रे आंत्वान यांनी आणि १८९० मध्ये मॉस्को येथे स्तानिस्लाव्हस्की यांनी ते पाहिले. पॅरिस आणि मॉस्को येथील नव्या रंगभूमीचे हे दोन प्रवर्तक मायनिंगेनचे ऋण मान्य करतात. नॉर्वेचे नाटककार इब्सेन यांच्या ज्या ‘गोस्ट्स’ नाटकाला जर्मनीत ठिकठिकाणी मज्जाव होता, ते डिसेंबर १८८६ मध्ये मायनिंगेनच्या दरबारी नाट्यगृहात झाले आणि त्या वेळी इब्सेन स्वतः उपस्थित होते. एका राज्यकर्त्याने आपल्याच नाट्यगृहात असे नाटक करू द्यावे, याला आम्ही मायनिंगेनच्या सर्व देखण्या ऐतिहासिक प्रयोगांइतकेच मोल देतो. क्रोनेक यांची प्रकृती ढासळल्यामुळे १८९० मध्ये दौरे थांबले आणि पुढच्याच वर्षी ते निवर्तले.

आपण हौशी रंगकर्मी आहात म्हणून एवढेच सुचवतो की, खर्चिक देखाव्यांचे अनुकरण न करताही त्यांची तालमीची आणि जमाव बसवण्याची पद्धत राज्य नाट्य स्पर्धेच्या तुटपुंज्या अंदाजपत्रकात अगदी सहज वापरता येईल.

प्रश्न : संगीतातही या घराण्याचे नाव आहे, असे ऐकले. ते कशामुळे? — इचलकरंजी येथील एक वाचक

उत्तर : दरबारी वाद्यवृंदामुळे. १८८० मध्ये हेलेने यांचे गुरू हान्स फॉन ब्यूलो त्याचे प्रमुख झाले. विख्यात जर्मन संगीतरचनाकार योहानेस ब्राम्स यांचे येथे नेहमी येणे असे. त्यांच्या चौथ्या सिंफनीचा पहिला प्रयोग २५ ऑक्टोबर १८८५ रोजी त्यांच्याच संचालनाखाली मायनिंगेन येथे झाला. तरुण रिखार्ड श्ट्राउस यांनी ब्यूलो यांच्या हाताखाली येथेच उमेदवारी केली. वाद्यवृंदातील रिखार्ड म्यूलफेल्ड यांचे क्लॅरिनेटवादन ऐकून, लेखन थांबवण्याच्या विचारात असलेल्या ब्राम्स यांनी १८९१ मध्ये पुन्हा लेखणी उचलली. ड्यूक यांच्या कन्या मारी एलिझाबेथ या स्वतः उत्तम पियानोवादक आणि संगीतरचनाकार होत्या. त्या अविवाहित राहिल्या आणि १९२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

प्रश्न : ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपले केशवराव भोसले नाट्यगृह आगीत सापडले, त्याचे दुःख अजून ओसरलेले नाही. मायनिंगेनचे नाट्यगृहही जळाले होते, असे एका नाट्यप्रेमी मित्राने सांगितले. ते खरे काय? — खासबाग परिसरातील एक ज्येष्ठ वाचक

उत्तर : होय, खरे आहे. १८३१ मध्ये, गेऑर्ग यांच्या वडिलांच्या कारकिर्दीत उघडलेले मायनिंगेनचे नाट्यगृह ५ मार्च १९०८ रोजी आगीत भस्मसात झाले. ज्या रंगमंचावर त्यांनी तीन-चार दशकांचे कष्ट ओतले होते तो गेला, तेव्हा ड्यूक ब्याऐंशीव्या वर्षात होते, ऐकूही फारसे येत नव्हते आणि युरोपभर गाजलेले दौरे थांबून अठरा वर्षे उलटली होती. नवे नाट्यगृह बांधण्याचे काम पुढच्या पिढीवर सोपवून ते मोकळे झाले असते तर कोणी नावे ठेवली नसती. तसे झाले नाही. दरबारी वास्तुविशारद कार्ल बेलर्ट यांच्याकडून आराखडे तयार झाले, काम तडीला गेले आणि १७ डिसेंबर १९०९ रोजी, म्हणजे आगीनंतर दोन वर्षांच्या आत, नवी भव्य वास्तू खुली झाली. दर्शनी भागावर ड्यूकचे नाव आहे आणि ही वास्तू जनतेच्या आनंदासाठी व उन्नतीसाठी अर्पण केल्याची अक्षरे कोरलेली आहेत.

शाहू छत्रपतींनी १९१५ मध्ये कोल्हापुरात पॅलेस थिएटर उभे केले ते याच काळातले. या दोन राज्यकर्त्यांची भेट झालेली नाही, एकाचे काम दुसऱ्याला ठाऊक असण्याचेही कारण नव्हते; परंतु नाट्यगृह ही चैनीची वास्तू नसून रयतेच्या हक्काची वास्तू आहे, हा विचार दोघांच्याही कृतीत दिसतो, आणि म्हणूनच आपल्या पत्रातील वेदना आम्हांस जवळची वाटली.

प्रश्न : ड्यूक गेऑर्ग यांच्यानंतर घराण्याचे काय झाले? वारस नसेल तर आपल्याकडच्यासारखे दत्तक घेण्याची सोय तेथे होती काय? — कागल येथील एक वाचक

उत्तर : कागलच्या वाचकाला हा प्रश्न पडणे स्वाभाविकच आहे, कारण १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातूनच यशवंतराव दत्तक गेले आणि कोल्हापूरला शाहू छत्रपती लाभले. जर्मन घराण्यांत ही वाट बंद होती. दत्तकाने गादीचा वारसा मिळत नसे; समतुल्य विवाहातून जन्मलेला पुरुषच वारस होऊ शके.

ड्यूक गेऑर्ग यांचे निधन २५ जून १९१४ रोजी बाड विल्डुंगेन येथे, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी झाले. राजघराण्याच्या दफनघरात विसावा न घेता मायनिंगेनच्या सार्वजनिक दफनभूमीत त्यांनी आपली जागा ठरवली होती, आणि १९२३ मध्ये निधन पावलेल्या हेलेने यांनाही त्यांच्याच शेजारी विसावा मिळाला. ज्या पत्नीला कुलनियमांनी पतीचे पद नाकारले, तिच्याविषयीची ही त्यांची अखेरची भूमिका होती, असा अर्थ आम्ही त्यातून घेतो.

त्यांच्यामागे थोरले पुत्र बर्नहार्ड तिसरे गादीवर आले. ते सेनाधिकारी होते आणि ग्रीक भाषा व पुरातत्त्व यांचे व्यासंगी अभ्यासक होते. १० नोव्हेंबर १९१८ रोजी, महायुद्धातील पराभवानंतर उसळलेल्या क्रांतीत, त्यांनी पदत्याग केला आणि मायनिंगेनची सत्ता संपली. त्यांना मुलगा नव्हता, आणि मुलीला वारसा नव्हता. दुसरे पुत्र एर्न्स्ट हे चित्रकार. त्यांनी वडिलांचाच कित्ता गिरवत १८९२ मध्ये लेखक विल्हेल्म येन्सेन यांच्या कन्या काटारिना यांच्याशी विवाह केला, त्यामुळे त्यांची मुले घराण्याच्या वारसाक्रमाबाहेर राहिली. तिसरे पुत्र फ्रीडरिख यांचा विवाह लिप्पे-बीस्टरफेल्ड घराण्यातील आडेलहाइड यांच्याशी झाला होता. महायुद्ध पेटताच ते आघाडीवर गेले आणि वडिलांच्या मृत्यूला दोन महिनेही झाले नव्हते तोच, २३ ऑगस्ट १९१४ रोजी बेल्जियममध्ये मारले गेले. त्यांचा अठरा वर्षांचा मुलगा एर्न्स्ट त्याच महिन्यात जखमांनी गेला. घराणे पुढे चालले ते फ्रीडरिख यांच्या उरलेल्या मुलांकडून. त्यांपैकी गेऑर्ग यांना दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत सैन्याने पकडले आणि १९४६ मध्ये चेरेपोवेत्स येथील छावणीत त्यांचा अंत झाला. व्हिला कार्लोत्ताही पहिल्या महायुद्धानंतर इटलीच्या सरकारकडे गेला.

प्रश्न : माझी मुलगी सध्या शिक्षणासाठी जर्मनीत आहे. तिने मायनिंगेनला जावयाचे ठरवल्यास तेथे या ड्यूकच्या काळातले काही पाहावयास मिळेल काय? — ताराबाई पार्क येथील एक वाचक

उत्तर : अवश्य मिळेल. १९०९ चे नाट्यगृह आजही नियमित प्रयोगांनी गजबजलेले असते आणि दरबारी वाद्यवृंदाची परंपराही तेथेच चालू आहे. ड्यूकचा एलिझाबेथेनबुर्ग हा राजवाडा आता संग्रहालय आहे. त्याच्या जवळच पूर्वी घोड्यांना शिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वास्तूत नाट्यसंग्रहालय आहे. तेथे ब्रुकनर बंधूंनी रंगवलेले दौऱ्यांतील मूळ देखावे जपले असून त्यांपैकी एकेक संपूर्ण देखावा आळीपाळीने उभारून दाखवला जातो. हेलेने यांना ज्या गावाचे नाव मिळाले, तेथील हेल्डबुर्गचा किल्लाही ड्यूकने हौसेने दुरुस्त करवून घेतला होता, आणि २०१६ पासून तेथे जर्मन किल्ल्यांचे संग्रहालय आहे. मुलीला सवड असल्यास तिने नाट्यसंग्रहालयात सध्या कोणत्या नाटकाचा देखावा उभारलेला आहे, हे आधी पाहावे, ते नाटक वाचून मगच जावे आणि त्याच दिवशी सायंकाळच्या प्रयोगाचे तिकीटही काढून ठेवावे.